माणसाचे मोल आणि यंत्राची किंमत

१

'मोल' या शब्दाचा मराठीतील व्यवहार विचार करण्याजोगा आहे. 'मोलमजुरी' आणि 'मोलकरीण' या शब्दांत तो श्रमाच्या मोबदल्याचा वाचक आहे. 'अनमोल' म्हणताना आपण त्याच मापाच्या बाहेर गेलेल्या गोष्टीचा निर्देश करतो. आणि 'कवडीमोल' म्हणताना त्याच मापाच्या तळाशी उतरतो. म्हणजे जे विकत घेता येते आणि जे विकत घेता येत नाही, या दोहोंसाठी आपल्या भाषेने एकच शब्द वापरला आहे. इमान्युएल कांट याने १७८५ मधील आपल्या नीतिमीमांसेत हे दोन अर्थ काटेकोरपणे वेगळे केले. ज्याच्या जागी तुल्यमूल्य असे दुसरे काही ठेवता येते त्याला किंमत असते; ज्याच्या जागी दुसरे काहीच ठेवता येत नाही त्याला प्रतिष्ठा असते, आणि माणूस हा या दुसऱ्या वर्गात मोडतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. तत्त्व म्हणून हे कोणीही मान्य करील. परंतु एका माणसाच्या जागी दुसरा माणूस, आणि माणसाच्या जागी यंत्र ठेवणे हाच ज्या अर्थव्यवस्थेचा नित्यक्रम आहे, तिच्यात या तत्त्वाचा अर्थ कसा लावावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

यंत्रासमोर माणसाची बाजू मांडताना सामान्यतः एक युक्तिवाद केला जातो. यंत्राला अमुक एक गोष्ट साधत नाही, ती माणसालाच साधते, म्हणून माणूस श्रेष्ठ, असे त्याचे स्वरूप असते. प्रथम ही गोष्ट म्हणजे गणन होती, पुढे बुद्धिबळ झाली. १९९७ साली 'डीप ब्लू' या संगणकाने गॅरी कास्पारॉव्ह या जगज्जेत्याला हरविले तेव्हा बुद्धिबळाचा बुरूज ढासळला. मग भाषांतर, निबंधलेखन, काव्यरचना ही माणसाची राखीव क्षेत्रे मानली गेली. २०२२ च्या अखेरीपासून सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या भाषाप्रणालींनी तीही अस्थिर केली. आता माघार घेत घेत आपण 'भावना' आणि 'सहसंवेदना' येथे येऊन थांबलो आहोत.

या युक्तिवादातील दोष केवळ त्याची यादी आखूड होत जाते एवढाच नाही. माणसाचे मोल त्याच्या कोणत्या तरी क्षमतेवर अवलंबून आहे, हे त्याने सुरुवातीलाच मान्य केलेले असते, हा मूळ दोष आहे. क्षमता ही मोजता येणारी, तुलना करता येणारी, म्हणूनच बदली करता येणारी गोष्ट होय. क्षमतेच्या बळावर माणसाची बाजू लढविणारा मानवतावादी आणि क्षमतेच्या हिशेबाने त्याला कामावरून कमी करणारा व्यवस्थापक, हे दोघे एकाच तागडीचा वापर करीत असतात.

या संदर्भात 'रोबो' या शब्दाची व्युत्पत्ती सूचक आहे. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० मधील 'आर. यू. आर.' या नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेतील 'रोबोटा' म्हणजे सक्तीचे श्रम. आपल्या शब्दांत वेठबिगारी. यंत्रमानवाचे नाव कोणत्याही यंत्रावरून पडलेले नाही, ते वेठीच्या माणसावरून पडले आहे. यंत्रासंबंधीचा प्रश्न हा मुळात कोणाला वेठीस धरता येते यासंबंधीचा प्रश्न आहे, असे या नावातून सूचित होते. यंत्र आले म्हणून माणसाचे मोल घटले, असा क्रम आपण गृहीत धरतो. प्रस्तुत लेखात मला असे सुचवायचे आहे की हा क्रम पुष्कळदा उलटा असतो. माणसाचे मोल आधीच ठरलेले असते, आणि यंत्र कोठे यावे व कोठे येऊ नये हे त्या ठरलेल्या मोलावरून निश्चित होते.

२

महाराष्ट्रात यंत्र आणि माणूस यांच्या संबंधाचे सर्वांत मोठे क्षेत्र म्हणजे मुंबईचे गिरणगाव. गिरणी हे यंत्र सर्वांसाठी सारखेच होते, ही समजूत मात्र तपासून घ्यावी लागते. विणखात्यातील मजुरी सूतखात्यापेक्षा चांगली असे. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्याच धोट्याला आपले तोंड लावण्यास सवर्ण कामगारांची तयारी नव्हती. १९२८-२९ च्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे उपस्थित केला. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असे त्यांनी १९३६ साली जे मांडले, त्याचा एक प्रत्यक्ष पुरावा या धोट्यात होता. मँचेस्टरच्या धर्तीवरील यंत्र मुंबईत आले. पण त्याला हात कोणी लावावा हे येथील जुन्या मापानेच ठरले. मामा वरेरकरांच्या 'धावता धोटा' (१९३३) या कादंबरीने गिरणीकामगाराचे जीवन मराठी कथनात आणले. ज्यांना त्या धोट्यापर्यंत पोहोचूच दिले गेले नाही, त्यांची वाट पाहणे आपल्या साहित्याला आणखी कित्येक वर्षे भाग होते.

१९२८ चा दीर्घ संप मालकांच्या 'कार्यक्षमता' योजनेविरुद्ध होता: एका कामगाराने अधिक माग चालवावेत, म्हणजे कामगार कमी लागतील. येथे यंत्र आणि नफा यांचे साहचर्य उघड दिसते. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर जे घडले, ते या साध्या सूत्रात बसत नाही. गिरण्या बंद पडत गेल्या. कापड मात्र निघत राहिले. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागांवर निघू लागले. यांतील पुष्कळसे माग जुने, गिरण्यांनी टाकून दिलेल्या बनावटीचे होते. पाळी बारा तासांची, कामगार बहुधा असंघटित, कायद्याचे संरक्षण नाममात्र. म्हणजे गिरणीकामगाराची जागा अधिक प्रगत यंत्राने घेतली, असे सरसकट म्हणता येत नाही. ती बऱ्याच अंशी त्याच्यापेक्षा स्वस्त माणसाने घेतली. दरम्यान गिरणीखालची जमीन तिच्यावरील उद्योगापेक्षा महाग झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा वाटा शहरासाठी आणि सार्वजनिक घरबांधणीसाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ मोकळ्या जमिनीपुरता मर्यादित झाला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. या साऱ्या घटनाक्रमात यंत्र हे पात्र दुय्यम आहे.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाचे सामर्थ्य मला येथे जाणवते. संपानंतरच्या गिरणगावातील एका कुटुंबाची पडझड ते दाखविते, आणि ती दाखविताना अमूर्त 'यांत्रिकते'च्या आश्रयाला जात नाही. त्यातील माणसे यंत्रामुळे दुरावलेली नाहीत. यंत्र थांबल्यामुळे ती निराधार झाली आहेत.

३

गिरणीपासून गटारापर्यंत आपण आलो की प्रश्नाची दुसरी बाजू समोर येते. गिरणीकामगार संघटित होता, म्हणून तो 'महाग' झाला. जो कधी महाग होऊच शकला नाही त्याचे काय?

हाताने मैला उचलण्याच्या कामावर माणसे नेमण्यास मनाई करणारा कायदा भारतात १९९३ साली झाला. २०१३ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढवून संरक्षक साधनांशिवाय गटारे व मलटाक्या साफ करवून घेण्यालाही मनाई केली. गटार साफ करणारी यंत्रे दुर्मीळ नाहीत. दाबाने पाणी सोडणारी व गाळ शोषून घेणारी वाहने अनेक नगरपालिकांकडे आहेत; २०१८ साली केरळात तिरुवनंतपुरम येथे या कामासाठी बनविलेला यंत्रमानव वापरात आला. तरीही माणसे गटारात उतरविली जातात आणि विषारी वायूने गुदमरून मरतात. ज्या काळात यंत्र कविता लिहू लागले आहे, त्याच काळात माणूस गटारात उतरतो आहे. याला तंत्रज्ञानाचा मागासलेपणा म्हणता येणार नाही. यंत्र महाग आहे आणि माणूस स्वस्त आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि तो माणूस स्वस्त का आहे, याचे उत्तर अर्थशास्त्रापेक्षा जातिव्यवस्थेत अधिक सापडते. अरुण ठाकूर आणि महमद खडस यांच्या 'नरक सफाईची गोष्ट' या पुस्तकाने हे वास्तव मराठी वाचकांसमोर पूर्वीच ठेवले आहे. बाबूराव बागुलांच्या १९६९ मधील कथासंग्रहाचे 'मरण स्वस्त होत आहे' हे शीर्षक या दृष्टीने रूपक नसून जवळजवळ हिशेबाची नोंद ठरते.

गांधी आणि आंबेडकर यांच्यातील यंत्रविषयक मतभेदाकडे येथून पाहिले तर तो नेहमीच्या मांडणीपेक्षा वेगळा दिसतो. 'हिंद स्वराज्य' (१९०९) मधील यंत्रविरोध सर्वांना परिचित आहे. परंतु १९२४ मधील एका संवादात गांधींनी आपला आक्षेप यंत्राला नसून यंत्राच्या वेडाला आहे, असे स्पष्ट केले. शिवणयंत्राचा त्यांनी अपवाद केला, कारण पत्नीचे कष्ट पाहून सिंगरला ते सुचले, त्यामागे प्रेम होते, अशी कथा त्यांनी सांगितली. आणि आज यंत्रामागील प्रेरणा श्रम वाचविण्याची नसून लोभाची आहे, असे म्हटले. आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीविचारावर टीका करताना नेमकी उलट बाजू मांडली. पशुवत कष्टांतून सुटका आणि संस्कृतीला आवश्यक असणारी सवड माणसाला यंत्राशिवाय मिळणार नाही. दोष यंत्राचा नसून त्याचे लाभ काही जणांच्या हाती ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे.

गांधींची कसोटी हेतूची आहे, आंबेडकरांची रचनेची. गांधींची कसोटी गटाराला लावून पाहिली तर तिची मर्यादा कळते. लोभामुळे यंत्र आणले जाते हे खरे, तसेच लोभामुळे यंत्र आणले जात नाही हेही खरे. घरातील पत्नीचे कष्ट दिसतात म्हणून प्रेम जागे होते. ज्याला आपण दृष्टीआडच ठेवला आहे त्याच्या कष्टांपाशी प्रेम पोहोचणार कसे? आणि आंबेडकरांची कसोटी मान्य करूनही एक प्रश्न उरतो. रचना बदलण्याची इच्छा समाजात निर्माण होण्यासाठी, जो दिसत नाही तो दिसू लागावा लागतो. येथे सहसंवेदनेचा प्रश्न अटळपणे येतो.

त्याआधी एका विरोधाभासाची नोंद केली पाहिजे. गटारात मृत्यू पावणाऱ्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ही रक्कम तीस लाख करण्यात आली. कांटच्या दृष्टीने हे विसंगत वाटेल: ज्याला किंमत नाही त्याची किंमत ठरविली गेली. परंतु ज्या व्यवहाराला केवळ किमतीची भाषा कळते, त्याला प्रतिष्ठेचे भान देण्याचा एक मार्ग म्हणजे प्रतिष्ठेचा भंग महाग करणे. माणूस महाग झाला तरच यंत्र येईल. हे पुरेसे नाही, पण 'माणूस अनमोल आहे' असे म्हणून थांबण्यापेक्षा ते अधिक नैतिक आहे. जे अनमोल म्हणून घोषित केले आणि ज्याची भरपाई कोणीच केली नाही, ते व्यवहारात फुकट ठरते. घरातील स्त्रीच्या श्रमांच्या बाबतीत हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत.

४

सहसंवेदनेचा विचार साहित्याच्या अभ्यासकाला आपल्या हक्काचा वाटतो, आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. या अर्थाचा 'आइनफ्यूलुंग' हा जर्मन शब्द रॉबर्ट फिशर याने १८७३ साली सौंदर्यशास्त्रातच वापरला. थिओडोर लिप्सने तो विस्तारला आणि टिचनरने १९०९ साली त्याला इंग्रजी प्रतिशब्द दिला. म्हणजे कलाकृतीत शिरण्याची ही संज्ञा पुढे दुसऱ्या माणसात शिरण्यासाठी वापरली गेली. आपल्याकडे 'सहृदय' ही संकल्पना त्याहून कितीतरी प्राचीन आहे. न. चिं. केळकरांच्या 'सविकल्प समाधी'तही वाचक आपली भूमिका न सोडता दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, आणि या दुहेरीपणातच त्याचा आनंद असतो.

परंतु या सिद्धान्तांतच एक अडचण दडलेली आहे. रसास्वादातील विघ्ने सांगताना अभिनवगुप्ताने विशिष्ट देश आणि काळ यांत गुंतून राहणे, तसेच स्वतःच्या सुखदुःखांच्या आहारी जाणे यांचा समावेश केला आहे. साधारणीकरणासाठी 'हे अमक्याचे दुःख' ही मर्यादा गळून पडावी लागते. रसाच्या दृष्टीने हे योग्यच आहे. नीतीच्या दृष्टीने मात्र तेच घातक ठरू शकते. गटारात गुदमरलेल्या माणसाचे दुःख 'मानवाचे दुःख' झाले की ते सर्वांचे होते, आणि सर्वांचे झाले की त्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

मराठी समीक्षेने यंत्रयुगाचा जो विचार केला त्यात हे घडले आहे, असे मला वाटते. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) च्या निमित्ताने यांत्रिकता, एकाकीपणा, माणसाचे वस्तूकरण या संज्ञा आपल्याकडे रूढ झाल्या. त्या कवितेतील अस्वस्थता अस्सल आहे. पण समीक्षेने तिला 'आधुनिक मानवा'ची अवस्था म्हणून सार्वत्रिक केले, आणि गिरणीचा भोंगा ऐकणारा व भोंग्याबरोबर धावणारा यांच्यातील अंतर पुसून टाकले. गिरणीकामगाराच्या घरात वाढलेल्या नारायण सुर्वे यांच्या 'माझे विद्यापीठ' (१९६६) मध्ये हे अंतर पुन्हा दिसू लागते. तेथे कामगार हा करुणेचा विषय नाही, तो बोलणारा आहे, आणि बोलताना तो वाचकाला बाजू घ्यायला लावतो. बागुलांच्या कथेत तर वाचकाला सुखाने 'सहृदय' होताच येत नाही, कारण तो स्वतः त्या कथेतील अन्यायाचा लाभार्थी असण्याची शक्यता कथा त्याच्यापुढे उभी करते. हे रसविघ्न आहे, आणि त्या लेखनाचे नैतिक मोल या विघ्नातच आहे.

अॅडम स्मिथच्या दोन ग्रंथांतही अशीच एक फट आढळते. १७५९ च्या ग्रंथात त्याने दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पिण्याच्या शक्तीवर सारी नीती उभारली. १७७६ च्या ग्रंथात श्रमविभागणीमुळे दहा माणसे दिवसाला ४८,००० हून अधिक टाचण्या कशा बनवितात याचे कौतुक केले. पण त्याच ग्रंथात पुढे, आयुष्यभर एकदोन साध्या क्रिया करणारा माणूस बुद्धीने आणि उदार भावनांनीही खुरटतो, हेही नोंदविले. टाचणी वापरणाऱ्याच्या सहसंवेदनेचे काय होते, हे मात्र त्याने विचारले नाही. वस्तू आणि तिच्यामागचा माणूस यांत जितके टप्पे येतात तितकी आपली कल्पनाशक्ती निर्दोषपणे आंधळी होते. आज घरी वस्तू पोहोचविणाऱ्या मुलाला काम कोणी नेमून दिले, तर यंत्राने. उशीर झाल्याची नोंद कोणी घेतली, तर यंत्राने. कठोर वागल्याचे ओझे कोणाच्याच मनावर येत नाही. स्वयंचलनाचा लोभाला होणारा हा सर्वांत मोठा उपयोग आहे.

आता सांत्वनाचे शब्दही यंत्राकडून मिळू लागले आहेत. जोसेफ वायझेनबाउम याने १९६६ साली 'एलायझा' नावाचा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य प्रश्नरूपाने परत करणे एवढेच त्याचे तंत्र होते. तरीही त्याच्या स्वतःच्या सचिव बाईंनी त्या यंत्राशी बोलताना त्याला खोलीबाहेर जाण्यास सांगितले. या अनुभवाने अस्वस्थ होऊन त्याने १९७६ साली एक ग्रंथच लिहिला. यंत्राला काय करता येईल यापेक्षा त्याच्याकडे काय सोपवू नये, हा प्रश्न त्याने महत्त्वाचा मानला. यंत्राला 'खरी' भावना नसते, एवढे म्हणून आपण पुन्हा क्षमतेच्या यादीकडे वळू नये. ज्याला सांत्वन देताना काहीच गमवावे लागत नाही, आणि उद्या ज्याला जाब विचारता येत नाही, त्याचे शब्द सहसंवेदनेचे ठरत नाहीत. ही कसोटी यंत्राला लागू होते, पण ती आधी आपल्याला लागू होते. कथा वाचून हेलावणारा आणि आपल्या वसाहतीची मलटाकी कोण साफ करतो हे न विचारणारा वाचक या कसोटीवर यंत्राच्या फारसा पुढे नाही.

५

म्हणून सहसंवेदनेची व्याख्या मी भावनेच्या तीव्रतेवरून करणार नाही. दुसऱ्याचे मोल वाढावे म्हणून आपला खर्च वाढू देण्याची तयारी, अशी ती करता येईल. ही व्याख्या रूक्ष आहे; तथापि तिच्यामुळे लोभ आणि सहसंवेदना यांचा विरोध नेमका कळतो. लोभी माणूस निर्दय असतोच असे नाही, तो पुष्कळदा हळवाही असतो. त्याच्या हळवेपणाचा त्याच्या हिशेबाशी संबंध येत नाही, इतकेच.

साहित्य वाचल्याने माणूस आपोआप दयाळू होतो, असा दावा आपण करू नये. समीक्षेकडून मात्र एक अपेक्षा करता येते. कलाकृतीतील दुःखाचे सार्वत्रिकीकरण करण्याआधी तिने देश, काळ, जात, मजुरी हे तपशील पुन्हा जागेवर ठेवावेत, आणि या सहानुभूतीचा खर्च कोण करतो हा प्रश्न विचारावा.

हा प्रश्न आपल्या विभागांपासून दूर नाही. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणारे अनेक अध्यापक आहेत. सुर्वे आणि बागुल शिकविण्याचे काम त्यांच्याकडे असते. मोबदला घेतलेल्या तासांचा मिळतो, सुटीचा मिळत नाही. तास संपला की त्यांच्याशी असलेले संस्थेचे नातेही संपते. या पानांचे वाचक असलेले अनेक पदव्युत्तर विद्यार्थी उद्या याच जागांवर उभे राहतील. माणसाच्या प्रतिष्ठेवरचा तास ताशी दराने घेतला जातो, आणि शेजारच्या खोलीत आम्ही कायम नेमणुकीचे लोक त्याच प्रतिष्ठेवर चर्चासत्र भरवितो. येथे कोणतेही यंत्र आलेले नाही. ते येईल तेव्हा, माणसाची जागा त्याने घेतली म्हणून आपण हळहळू. पण ती जागा तासांच्या हिशेबात त्याआधीच मोकळी करून ठेवलेली असेल, आणि ती मोकळी होत असताना आपण काय केले, याचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल.